मूल्ये की पायरी?

पिपा नॉरिस आणि रोनाल्ड इंगलहार्ट या दोन राज्यशास्त्रज्ञांचा 'कल्चरल बॅकलॅश' हा ग्रंथ २०१९ साली प्रसिद्ध झाला. ट्रम्प यांचा विजय, युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा ब्रिटनचा कौल आणि युरोपभर वाढत गेलेले उजवे लोकानुनयी पक्ष यांची मीमांसा त्यात केलेली आहे. ग्रंथ अमेरिकेचा आणि युरोपचा. परंतु त्यातील मुख्य विचार आता आपल्याकडेही रुळला आहे. मी ज्या चर्चासत्रांना जातो तेथे हिंदुत्ववादी पक्षांना मते का मिळतात असा प्रश्न निघाला की कोणीतरी विद्वान उठतो आणि सांगतो, हा प्रश्न पोटाचा नाही, मूल्यांचा आहे. समाज फार वेगाने बदलला, जुन्या मूल्यांत वाढलेली माणसे बिथरली आणि त्यांनी मतपेटीतून उत्तर दिले. सभागृहात माना डोलतात. माझी डोलत नाही. ती का डोलत नाही, हे मला येथे मांडावयाचे आहे.

सिद्धान्त थोडक्यात असा. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिमेत सुबत्ता आली. अन्न, निवारा, सुरक्षितता यांची ज्या पिढीला लहानपणापासून ददात पडली नाही, ती पिढी पोटापलीकडच्या गोष्टींना महत्त्व देऊ लागली. अभिव्यक्तिस्वातंत्र्य, स्त्रियांची समता, पर्यावरण, समलिंगी माणसांचे हक्क या त्या गोष्टी. इंगलहार्ट यांनी १९७७ साली या बदलाला 'मूक क्रांती' असे नाव दिले होते आणि त्याच नावाचा ग्रंथ लिहिला होता. नव्या ग्रंथाचे म्हणणे असे की, ही क्रांती पुढे जाता जाता एका टप्प्यावर तराजू कलला. वयस्कर, कमी शिकलेली, धर्मनिष्ठ, गोरी माणसे, विशेषतः पुरुष, आपल्याच देशात परकी झाल्यासारखी वागू लागली. त्यांच्यातील आज्ञाधारकतेची आणि बलवान पुढाऱ्याची ओढ उफाळून आली व उजव्या पक्षांनी तिच्या हाती झेंडा दिला.

या अभ्यासकांनी एक काम चोख केले आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. उजव्या पक्षांचा मतदार म्हणजे बेकार, भुकेला, जागतिकीकरणाने रस्त्यावर फेकलेला माणूस, ही सोपी समजूत त्यांनी मोडली. युरोपातील आकडे तपासताना त्यांना असे आढळले की, या पक्षांना सर्वांत भक्कम पाठिंबा तळच्या अकुशल मजुराचा नसून छोट्या दुकानदाराचा, छोट्या मालकाचा आहे. सरकारी मदतीवर जगणाऱ्या कुटुंबांत तर तो कमीच आहे. आपल्याकडील डाव्या मित्रांनी हा भाग अवश्य वाचावा. महागाई वाढली की सगळे गरीब एक होतात, असे आपल्याला पन्नास वर्षे ऐकवण्यात आले आहे.

पिढीचा मुद्दा मात्र त्यांच्याच भूमीवर टिकत नाही. आर्मिन शेफर या जर्मन अभ्यासकाने २०२१ साली त्यांच्याच स्वरूपाची सामग्री घेऊन दाखवले की, म्हातारे उजवे आणि तरुण उदार असा सरळ हिशेब लागत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये जर्मनीतील थुरिंगिया प्रांताच्या निवडणुकीत 'एएफडी' हा पक्ष पहिला आला. पंचविशीच्या आतल्या मतदारांतही तोच पहिला होता. तो वाद युरोपीय अभ्यासकांनी आपापसांत निस्तरावा. माझा आक्षेप याहून मुळातला आहे आणि तो आपल्या इतिहासातून निघतो.

या सिद्धान्ताच्या पायाशी एक क्रम गृहीत धरलेला आहे: आधी पोट भरते, मग माणसाला प्रतिष्ठा आठवते. मला विचारावेसे वाटते, २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याकडे जे हजारो लोक चालत गेले त्यांची पोटे भरलेली होती काय? त्यांना भाकरीची, निवाऱ्याची कोणती शाश्वती होती? सुरक्षिततेचे म्हणाल तर त्याच दिवशी त्यांच्यावर लाठ्या पडल्या. आणि ते पाण्यासाठीही गेले नव्हते. तळ्याचे पाणी प्यालो नाही म्हणून आपण आजवर मेलेलो नाही, आपण तेथे जात आहोत ते इतरांसारखी आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी, अशा आशयाचे बाबासाहेबांनी त्याच वर्षाच्या डिसेंबरमधील परिषदेत सांगितले. ज्यांच्याकडे काहीच नव्हते त्यांनी सर्वांत आधी मागितली ती प्रतिष्ठा. इंगलहार्ट यांच्या शिडीत ही पायरी सर्वांत वरची आहे. आपल्याकडे ती सर्वांत खालच्या माणसाच्या पायाखाली होती. जो सिद्धान्त महाड समजावून सांगू शकत नाही, तो महाडच्या नंतर तळ्यात पंचगव्याच्या घागरी ओतणाऱ्यांची 'प्रतिक्रिया' तरी कशी समजावून सांगणार?

आता त्यांच्या मोजमापाकडे पाहू. हुकूमशाही मूल्ये कोणाकडे आहेत हे ठरवण्यासाठी हे अभ्यासक सर्वेक्षणातील काही प्रश्न वापरतात. परंपरा आणि चालीरीती पाळणे तुम्हांला महत्त्वाचे वाटते काय? नियम पाळावेत, सांगितले तसे वागावे असे वाटते काय? सुरक्षित परिसरात राहावे असे वाटते काय? सरकार बलवान असावे आणि त्याने नागरिकांना धोक्यापासून वाचवावे असे वाटते काय? उत्तर 'होय' आले की माणूस त्या बाजूला सरकला.

हे प्रश्न घेऊन मराठवाड्यातल्या एखाद्या खेड्यात जावे. वेशीच्या आतला पाटील म्हणेल, परंपरा पाळली पाहिजे. बौद्धवाड्यातली म्हातारीही तेच म्हणेल. तिच्या डोळ्यांपुढे चौदा एप्रिल असेल, सहा डिसेंबरची चैत्यभूमी असेल. सुरक्षित परिसर कोणाला हवा? ज्याचे घर एकदा जळाले आहे त्याला सर्वांत जास्त हवा. नियम पाळावेत असे कोणाला वाटते? पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदवून घ्यावी म्हणून दिवसभर बाहेर बसलेल्या माणसाला वाटते. आणि बलवान सरकार? १७ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी स्वतः बलवान केंद्राची मागणी केली होती, १९३५ च्या कायद्यात होते त्याहून बलवान. खेडे म्हणजे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे आगर आहे हे जो ओळखून आहे तो दूरच्या सरकारकडे आशेने पाहतो, कारण जवळच्या समाजाने त्याला कधी वाचवलेले नाही. म्हणजे या मोजपट्टीवर संविधानाचा शिल्पकार आणि त्याचे अनुयायी हुकूमशाही वृत्तीचे ठरतील! प्रश्न एकच, उत्तर एकच, आणि दोन उत्तरांच्या आड उभी असलेली दोन आयुष्ये एकमेकांच्या विरुद्ध. ज्या पट्टीला हा फरक दिसत नाही ती पट्टी युरोपातही नेमके काय मोजते, अशी शंका मला येते.

शिक्षणाचेही तसेच. या सिद्धान्तात शिक्षण माणसाला उदार करते. भारतीय मानव विकास सर्वेक्षणाच्या २०११-१२ च्या फेरीत २७ टक्के कुटुंबांनी आपण कोणत्या ना कोणत्या रूपात अस्पृश्यता पाळतो असे स्वतःच्या तोंडाने सांगितले. ब्राह्मण कुटुंबांत हे प्रमाण ५२ टक्के निघाले. पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या घरात विद्या आहे त्यांच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ही स्थिती. आणि लोकनीती या संस्थेच्या २०१४ व २०१९ च्या निवडणूकोत्तर पाहण्यांत भारतीय जनता पक्षाचा पाठिंबा उच्चवर्णीयांत आणि जास्त शिकलेल्यांत सरासरीहून अधिक दिसतो. येथे मागे पडलेला, अडाणी, गोंधळलेला माणूस शोधून सापडत नाही. पुढे असलेलाच माणूस अस्वस्थ आहे.

सिद्धान्त पारखावयाचा तर तो एखाद्या प्रत्यक्ष प्रदेशावर ठेवून पारखला पाहिजे. मी मराठवाडा घेतो, कारण उजव्या लोकानुनयी पक्षाला एका विशिष्ट क्षणानंतर एका विशिष्ट प्रदेशात मुळे कशी फुटली याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही. शिवसेना १९ जून १९६६ रोजी मुंबईत स्थापन झाली. जवळजवळ वीस वर्षे ती मुख्यतः मुंबई-ठाण्याचा पक्ष होती. १९८५ नंतर ती मराठवाड्यात शिरली. १९८८ मध्ये औरंगाबाद महानगरपालिकेच्या पहिल्याच निवडणुकीत ६० पैकी २७ जागा तिने घेतल्या; १९८९ मध्ये तेथील लोकसभेची जागा मोरेश्वर सावे यांनी जिंकली; १९९० मध्ये विधानसभेत सेनेचे ५२ आमदार झाले आणि १९९५ मध्ये ७३ आमदारांसह ती सत्तेवर आली. मुंबईच्या पक्षाला मराठवाड्यात ही जमीन नांगरून कोणी दिली?

उत्तर २७ जुलै १९७८ या तारखेत आहे. त्या दिवशी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. मागणी हवेतून आलेली नव्हती. १९५० साली, विद्यापीठ स्थापन होण्याच्या आठ वर्षे आधी, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले आणि निजामी राजवटीने शिक्षणाविना ठेवलेल्या या प्रदेशात उच्च शिक्षणाचे दार उघडले. त्या दारातून सवर्णांची मुलेही आत गेली. तरीही ठरावाची बातमी पोहोचताच मराठवाडा पेटला. सुमारे बाराशे खेड्यांना झळ लागली. घरे जाळली, माणसे मारली, विहिरी नासवल्या, कुटुंबेच्या कुटुंबे गाव सोडून गेली. ठराव बासनात गेला. १९७९ चा लाँग मार्च, सत्याग्रह, तुरुंग, आत्मदहने आणि सोळा वर्षे यांनंतर १४ जानेवारी १९९४ रोजी नामांतराऐवजी नामविस्तार पदरात पडला.

आता या घटनेला 'सांस्कृतिक प्रतिक्रिया' म्हणावे काय? वरवर पाहता याहून चपखल उदाहरण नाही. नाव ही सांस्कृतिक गोष्ट. नावाने कोणाची जमीन जाणार नव्हती, कोणाचा पगार कमी होणार नव्हता. पण जळालेली घरे कोणाची होती? त्यांतल्या बहुतेकांनी विद्यापीठाची इमारत पाहिलेली नव्हती. ज्याने मेलेले ढोर ओढणे सोडले होते, दवंडी आणि सांगावा बंद केला होता, ज्याने गायरानाचा तुकडा कसायला घेतला होता, ज्याचा मुलगा पाटलाच्या मुलाच्या शेजारी बाकावर बसून पुढे मास्तर किंवा कारकून झाला होता, असा माणूस गावाच्या डोळ्यांत सलत होता. १९५८ च्या कायद्याने महार वतन गेले होते, १९५६ च्या धम्मदीक्षेने मनातले वतनही गेले होते. गावाला वर्षानुवर्षे फुकट किंवा मूठभर बलुत्यावर मिळणारे श्रम बंद झाले होते. ही 'मूल्यां'ची हानी आहे की पैशांची? ती दोन्ही आहे, आणि तिचे दोन भाग करता येत नाहीत. पायरी सुटली की तिच्यावरचा मान आणि तिच्यातून मिळणारी वेठ एकाच वेळी सुटते. पाश्चात्त्य अभ्यासकांचा सगळा वाद संस्कृती की अर्थकारण असा चालतो. जातीने हा वाद जन्मतःच निकालात काढलेला आहे.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या पुरोगामी मित्रांना रुचणार नाही. नामांतराला विरोध करणारे सगळे उजवे नव्हते. गोविंदभाई श्रॉफ आणि 'मराठवाडा' दैनिकाचे अनंत भालेराव ही हैदराबाद मुक्तिसंग्रामातून आलेली, निजामाशी झुंजलेली, लोकशाहीवादी माणसे. त्यांच्या त्या लढ्याविषयी मला आदर आहे. त्यांनी विरोध केला तो प्रदेशाच्या अस्मितेच्या नावाने. सर्वेक्षणाचे प्रश्न त्यांना विचारले असते तर अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर, लोकशाहीवर त्यांची उत्तरे कोणत्याही युरोपीय उदारमतवाद्याला शोभली असती. एस. एम. जोशी आणि बाबा आढाव त्याच वातावरणातले होते आणि ते नामांतराच्या बाजूने उभे राहिले, हेही खरे. म्हणजे मूल्यांच्या यादीवरून कोण कोठे उभा राहील हे कळत नव्हते. मशागत अस्मितेच्या भाषेने केली. पुढे सेना आली आणि तिने पीक कापले. सेनेने विरोधाला नवे काही दिले असेल तर एक टवाळी दिली: घरात पीठ नाही, तर विद्यापीठ कशाला.

या टवाळीपाशी थोडे थांबले पाहिजे. नावाने पोट भरत नाही, आधी भाकरी मागा, असा उपदेश दलितांना करणारे लोक स्वतः नावासाठी गावे जाळत होते. ज्या वर्षी सेनेने औरंगाबाद महानगरपालिका हादरवली त्याच १९८८ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांनी शहराचे नाव संभाजीनगर करण्याची घोषणा केली. तेव्हा कोणी म्हणाले नाही की, नळाला पाणी आठवड्यातून किती वेळा येते ते आधी बघा. ३४ वर्षे हे नाव प्रत्येक निवडणुकीत मागितले गेले. २९ जून २०२२ रोजी उद्धव ठाकरे यांनी, ज्या दिवशी राजीनामा दिला त्याच दिवशी, काँग्रेस आणि राष्ट्रवादीचे मंत्री ज्यात बसले होते त्या मंत्रिमंडळाकडून ते मंजूर करून घेतले. पुढे नव्या सरकारने तो निर्णय पुन्हा घेतला आणि २०२३ मध्ये केंद्राची संमती येऊन शहर छत्रपती संभाजीनगर झाले. संभाजीराजांच्या नावाला माझा विरोध असण्याचे कारण नाही. मी एवढेच दाखवतो आहे की, एका नावासाठी भाकरीचे कारण पुढे करण्यात आले आणि दुसऱ्या नावासाठी भाकरी विसरण्यात आली. प्रश्न नावाचा नव्हताच. नाव ठेवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न होता. पाळण्यातल्या पोराचे नाव घरचा मोठा ठेवतो. विद्यापीठाचे नाव खालच्याने सुचवावे, ते वरच्याने पदवीच्या कागदावर आयुष्यभर वागवावे, हे असह्य झाले.

म्हणून मला 'मूल्ये' हा शब्दच फसवा वाटतो. मूल्य म्हटले की ते सर्वांना लागू पडणारे, उदात्त असे काही वाटते. सेनेच्या मूल्यांत स्थिर असे काय होते? १९६६ मध्ये दाक्षिणात्य कारकून शत्रू होता, मग कम्युनिस्ट झाला, १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीपासून मुसलमान झाला. जानेवारी १९८८ मध्ये 'रिडल्स इन हिंदुइझम'च्या निमित्ताने पुन्हा आपण झालो. फेब्रुवारीत मुंबईत दलितांचा प्रचंड मोर्चा निघाला आणि तो गेल्यावर हुतात्मा चौकाचे 'शुद्धीकरण' करण्यात आले. महाड आणि मुंबई यांच्यात ६१ वर्षांचे अंतर, आणि रीत तीच. शत्रू बदलत राहिले. आपल्या जागी कोणी चढत आहे, ही भावना बदलली नाही.

या भावनेला बाबासाहेबांनी नाव दिलेले आहे: श्रेणीबद्ध विषमता. वर मान खाली घातली तरी चालेल, पण खाली कोणीतरी मान घातलेला असला पाहिजे. प्रत्येक जातीला तिच्या खालची जात हे समाधान पुरवते, म्हणून व्यवस्थेविरुद्ध सगळे शोषित एकत्र येत नाहीत. अमेरिकेत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांनी १९३५ साली जवळपास हेच मांडले. गोऱ्या मजुराला मजुरी कमी मिळते, पण गोरेपणाचा एक सामाजिक, मानसिक मेहनताना त्याला वरून मिळतो आणि त्यावर तो समाधानी राहतो. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले होते, अस्पृश्य आणि निग्रो यांच्या स्थितीतील साम्याचा त्यात उल्लेख आहे. या दोघांच्या विचाराने ट्रम्प यांचा मतदारही अधिक नीट समजतो. अर्ली हॉक्सचाइल्ड या समाजशास्त्रज्ञेने २०१६ च्या पुस्तकात लुइझियानातील अशा मतदारांच्या मनातले चित्र टिपले आहे. आपण टेकडीवर लागलेल्या रांगेत शिस्तीने उभे आहोत, आणि काळे, स्त्रिया, स्थलांतरित मध्येच घुसत आहेत. आरक्षणाविषयी आपल्या महाविद्यालयाच्या कट्ट्यावर हेच चित्र रोज ऐकू येते. पण ही रांग लावली कोणी आणि हजार वर्षे कोणाला तिच्यात उभेच राहू दिले नाही, हा प्रश्न कट्ट्यावर कोणी विचारत नाही.

पायरीने विचार केला की ज्या गोष्टी मूल्यांनी उलगडत नाहीत त्या उलगडतात. मराठवाड्यात सेनेकडे पहिल्यांदा ओढली गेली ती मराठा पुढाऱ्यांच्या काँग्रेसमध्ये कधी खुर्ची न मिळालेली लहान ओबीसी जातींतली पोरे. सेनेने त्यांना शाखा दिली, तिकीट दिले, भगवा दिला. वरच्याशी भांडण्याची हिंमत दिली नाही, खालच्याकडे बोट दाखवण्याची मुभा दिली. तीच सेना मंडल आयोगाच्या विरोधात गेली आणि १९९१ मध्ये छगन भुजबळांना बाहेर पडावे लागले. त्यांच्या मागे सगळे ओबीसी गेले नाहीत. पोटाचा फायदा एका बाजूला आणि पायरीचा मान दुसऱ्या बाजूला अशी निवड आली तेव्हा अनेकांनी पायरी निवडली.

आणि अलीकडचे पाहा. २०१९ मध्ये औरंगाबाद लोकसभेत सेनेचा वीस वर्षांचा खासदार साडेचार हजारांपेक्षाही कमी मतांनी पडला, कारण एका माजी सेना आमदाराने अपक्ष उभे राहून पावणेतीन लाखांवर मते घेतली. ती मुख्यतः मराठा मते मानली गेली. निवडून आला तो वंचित बहुजन आघाडीशी युती केलेल्या एमआयएमचा उमेदवार. २०२४ च्या लोकसभेत मराठवाड्याच्या आठपैकी सात जागा महायुती हरली; सहा महिन्यांत विधानसभेत तिच महायुती मुसंडी मारून आली. मूल्ये ही लहानपणी घडतात आणि आयुष्यभर टिकतात असे इंगलहार्ट यांचे म्हणणे. मग सहा महिन्यांत मराठवाड्यातील माणसांचे बालपण बदलले काय? बदलले ते आरक्षणाच्या वादात कोणती जात कोणाकडे झुकली, कोणाला कोणाच्या वर जाण्याची भीती वाटली, याचे गणित.

१९९५ च्या युती सरकारचा एक निर्णय मला या संदर्भात पुन्हा पुन्हा आठवतो. मराठवाड्यातील अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचे अकराशेच्या वर खटले त्या सरकारने मागे घेतले. मतदाराला मताचा मोबदला मिळाला. भाषणात धर्म होता, संस्कृती होती, स्वाभिमान होता. हातात पडले ते आरोपीच्या पिंजऱ्यातून सुटण्याचे पत्र. याला मूल्याधिष्ठित मतदान म्हणणाऱ्या अभ्यासकाने त्या अकराशे फिर्यादींपैकी एका घरी जाऊन बसावे.

या सिद्धान्ताला माझा विरोध केवळ शास्त्रीय नाही. त्यातून निघणारा सल्ला घातक आहे. 'प्रतिक्रिया' म्हटले की आधी 'क्रिया' आली, आणि क्रिया करणारा म्हणजे हक्क मागणारा. म्हणजे आग लावणाऱ्याच्या आधी दोष मागणाऱ्याचा. तुम्ही फार घाई केली, समाजाची तयारी नव्हती, थोडे सबुरीने घ्यायला हवे होते. १९७८ मध्ये आपल्याला नेमके हेच सांगितले गेले, आणि सबुरीची किंमत सोळा वर्षे निघाली. त्या सोळा वर्षांत विरोध विरला नाही; त्याला शाखा मिळाल्या, महानगरपालिका मिळाली, शेवटी मंत्रालय मिळाले. ठराव जुलै १९७८ मध्येच अमलात आला असता तर सेना मराठवाड्यात आलीच नसती असा दावा मी करणार नाही. पण थांबल्याने ती थांबली नाही, हे तर डोळ्यांपुढे आहे.

आपल्या बाजूचा हिशेबही मांडला पाहिजे. २०११ मध्ये रामदास आठवले यांच्या पक्षाने शिवशक्ती-भीमशक्तीची घोषणा केली. नामदेव ढसाळ त्याच्या आधीच सेनेच्या व्यासपीठावर गेले होते. यांची मूल्ये बदलली असे म्हणून हसून सोडून देणे सोपे आहे. पण १९३२ च्या पुणे कराराने राखीव जागेवरचा उमेदवार निवडण्याची किल्ली ज्यांच्या हाती दिली त्यांच्या दारात आज ना उद्या जावे लागते, ही यंत्रणाच तशी आहे. जी माणसे नामांतरात आपल्या विरोधात होती त्यांचीच मते मागून आपला आमदार निवडून येतो. आणि श्रेणीबद्ध विषमता वेशीच्या बाहेरही संपत नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मान्यता दिली तेव्हा आपल्याच सभांमधून मातंग बांधवांविषयी जी भाषा कानांवर आली, तीत रांगेचे तेच चित्र होते. तुम्ही मध्येच घुसता आहात, असे आपण म्हणत होतो. हिंदुत्वाचे कार्यकर्ते मातंग वस्तीत जाऊन काय सांगतात हे विचारण्याआधी आपण तेथे शेवटचे कधी गेलो होतो, ते पाहावे लागेल.

माझ्या राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मी एक काम सांगत असतो, तेच या नियतकालिकाच्या वाचकांपुढे ठेवतो. मूल्यांच्या प्रश्नावल्या बाजूला ठेवा. आपापल्या गावात १९७८ मध्ये कोणाची घरे जळाली याची यादी करा. त्या घरातला कोण काय काम करत होता, कोणते काम त्याने नुकतेच सोडले होते, गायरान होते काय, मूल कोठे शिकत होते, हे लिहून काढा. गाव सोडून गेलेले परतले काय आणि परतल्यावर मजुरी कोणी दिली, तेही विचारा. खटला झाला असेल तर त्याचा नंबर आणि तो मागे घेतला गेला असेल तर त्याचे साल मिळवा. मग त्याच गावातले १९८५, १९९० आणि १९९५ चे मतदान त्या यादीशेजारी मांडा. कमान, चौक, पुतळा, सभागृह अशा कशाला नाव देताना भांडण झाले असेल तर त्याच्या आगे-मागे झालेली ग्रामपंचायतीची निवडणूकही पाहा. १९७८ मध्ये जी दहा वर्षांची होती ती माणसे आता साठीच्या आसपास आहेत. आगीचा वास त्यांना आठवतो, कोणाच्या हातात रॉकेलचा डबा होता तेही आठवते, आणि तो माणूस पुढे कोणत्या पक्षाचा सरपंच झाला हेही ती सांगतील. उन्हाळ्याच्या सुटीत हे करता येण्यासारखे आहे. वही आणि पेन एवढे पुरे. सांगणाऱ्याने सांगू नको म्हटले तर त्याचे नाव लिहू नये.